फाइलला हात कोणाचा

त्या कचेरीत पिण्याच्या पाण्याची यंत्रं दोन होती. एक खिडकीपाशी, एक जिन्यापाशी. पाणी दोन्हींत एकाच नळाचं यायचं. तरी खिडकीकडे बसणारा माणूस घसा कोरडा पडला तरी जिन्यापाशी जाऊन पाणी प्यायचा नाही, आणि जिन्याकडचा खिडकीकडे फिरकायचा नाही. असा नियम कोणी केला नव्हता. केला असता तर कोणीतरी मोडला तरी असता.

काम मात्र सगळ्यांचं एकच. बसथांब्यांवर दिव्यांच्या पाट्या असतात, पुढची बस किती मिनिटांत येणार ते सांगणाऱ्या. त्या पाट्यांमागचे प्रोग्रॅम ही मंडळी लिहायची. खिडकीकडचे लोक जुन्या भाषेत लिहीत. तिच्यात प्रत्येक गोष्ट स्वतः घडवावी लागते, ओळ न ओळ छिन्नीने फोडून काढावी तशी, म्हणून जिन्याकडच्यांनी त्यांचं नाव ठेवलं दगडफोडे. जिन्याकडचे लोक नव्या भाषेत लिहीत. तिच्यात चार ओळींत काम भागतं, पण प्रोग्रॅम आतल्या आत फुगत जातो, म्हणून ते फुगेवाले. दोन्ही नावं हिणवण्यासाठीच दिलेली. पुढे ज्याला त्याला आपापलं नाव इतकं आवडलं, की दगडफोड्यांनी खिडकीत एक खराखुरा दगड आणून ठेवला आणि फुगेवाल्यांनी जिन्याच्या कठड्याला फुगे बांधले. एका सकाळी सगळे फुगे फुटलेले सापडले. दुसऱ्या दिवशी दगड नाहीसा झाला. कोणी केलं ते दोन्हीकडे पक्कं ठाऊक होतं, फक्त पुरावा कोणाकडे नव्हता.

वहिनी दगडफोड्यांतली. तिला अख्खी कचेरी वहिनीच म्हणायची, आणि त्याला कारण तिची नणंद, चिऊ. चिऊचं शिक्षण संपल्यावर वहिनीनेच साहेबांकडे शब्द टाकला होता. साहेबांनी मुलीला घेतलं, पण ती नवी भाषा शिकलेली, म्हणून बसवलं फुगेवाल्यांत. पहिल्याच दिवशी चिऊने जिन्यापासून खिडकीपर्यंत हाक मारली, "वहिनीऽ, डबा तुझ्याकडे राहिलाय!" सगळे माना वळवून बघायला लागले. तेव्हापासून ही सगळ्यांची वहिनी झाली. फुगेवाले ते नाव जरा लांबवून उच्चारायचे.

चिऊची नेमणूक अजून पक्की झाली नव्हती. कामात पाय स्थिरावेपर्यंत साहेब कोणालाच पक्कं करत नसत.

आता भानगड कुठे होती ते सांगायला हवं. दगडफोड्यांच्या प्रोग्रॅमचं काम बस कुठे आहे ते शोधण्याचं, आणि फुगेवाल्यांच्या प्रोग्रॅमचं ते पाटीवर दाखवण्याचं. या दोहोंच्या मध्ये एक सामाईक फाइल होती. दोन घरांच्या मध्ये एकच विहीर असावी तशी. दोघांनाही तिच्यावाचून गत्यंतर नाही, आणि दुसऱ्याची बादली आत गेली की पोटात दुखायचं. पाट्यांनी कसं वागायचं याचे नियम त्या फाइलमध्ये होते. त्यातला एक नियम म्हणजे भांडणाचं मूळ. प्रत्येक बस मधूनमधून 'मी इथे आहे' असा संदेश पाठवते. तो आलाच नाही, तर पाटीने काय करायचं?

दगडफोड्यांचे म्होरके अप्पा. केस पिकले होते, आवाज मऊ होता, पण माणूस आतून कातळ. ते म्हणायचे, "ठाऊक नसेल तर गप्प बसावं. पाटी कोरी ठेवा. खोटं बोलण्यापेक्षा मुकं बरं."

फुगेवाल्यांच्या म्होरक्या मॅडम. त्या म्हणायच्या, "अहो, माणूस थांब्यावर ताटकळत उभा आहे. त्याला निदान अंदाज तरी सांगा. कोरी पाटी बघून काय त्याने जप करायचा?"

प्रकरण साहेबांकडे गेलं की साहेब दोघांचं नीट ऐकून घेत, चष्मा पुसत आणि म्हणत, "बघू." तोपर्यंत फाइलमध्ये कोऱ्या पाटीचा नियम होता आणि तोच चालला होता.

मग एका सकाळी त्या जागी अंदाजाचा नियम दिसला.

फुगेवाल्यांना वाटलं, साहेबांनी अखेर आपलं ऐकलं. त्यांनी एकमेकांना चहा पाजला. दगडफोड्यांना वाटलं, चोरी झाली. अप्पांनी वहिनीला खिडकीपाशी बोलावलं, बाहेर रस्त्याकडे बघत आहोत असं दाखवलं, आणि हळूच म्हणाले, "आरडाओरडा करायचा नाही. आपला एक रखवालदार बसव."

रखवालदार म्हणजे माणूस नव्हे. छोटासा प्रोग्रॅम. तो थोड्या थोड्या वेळाने फाइल बघणार, आणि आपल्याकडच्या प्रतीपेक्षा काही निराळं दिसलं की गुपचूप आपली प्रत परत ठेवणार.

"पण अप्पा, फाइलला कोणी हात लावायचा नाही असं ठरलंय."

"हात कोण लावतंय? आपण फक्त होतं तसं करतोय."

वहिनीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. आपल्या दाराला आपण लावतो ते कुलूप आणि शेजाऱ्याने लावलं की तो संशय, हे माणसाला कधी शिकवावं लागत नाही. तिने रखवालदार बसवला. पाटी पुन्हा कोरी झाली. आणि दुपार व्हायच्या आत पुन्हा अंदाजावर गेली.

रखवालदाराने परत कोरी केली. पुन्हा कोणीतरी बदलली. पुन्हा कोरी, पुन्हा अंदाज. थांब्यावरच्या माणसांना पाटी घटकेत सहा मिनिटं सांगायची, घटकेत तोंड मिटून बसायची. बसवाल्यांच्या कार्यालयातून तक्रारी यायला लागल्या. साहेबांनी दोन्ही म्होरक्यांना बोलावून विचारलं. अप्पा म्हणाले, "आमच्या एकाही माणसाने फाइलला हात लावलेला नाही." मॅडमही शब्दशः तेच म्हणाल्या.

फाइल कोणी बदलली याची नोंद मशीन ठेवतं. पण इथे नोंदीत माणसाचं नाव येत नव्हतं. नाव येत होतं यंत्रखात्याचं. रोजची ठरीव कामं मशीनने आपोआप करावीत म्हणून एक सामाईक खातं होतं, ते हे. त्याची चावी, म्हणजे पासवर्ड, दोघींकडेच होती. खिडकीकडून वहिनीकडे, जिन्याकडून चिऊकडे.

"हिशेब सरळ आहे," अप्पा म्हणाले. "चावी दोघींकडे. तू नाहीस. मग राहिलं कोण?"

वहिनीने नकळत जिन्याकडे बघितलं.

"मला ठाऊक आहे, घरचा मामला आहे. म्हणून मी अजून गप्प आहे. पण शुक्रवारी साहेब बैठक घेणार आहेत. तेव्हा मी सांगणार, की पोरीची नेमणूक पक्की व्हायला नको. तुझ्या तोंडून आलं तर जास्त बरं दिसेल. निदान लोक म्हणतील, नात्यापेक्षा काम मोठं मानलं."

"आणि ती नसली तर?"

"मग कोण? भूत?"

त्या दिवसापासून वहिनी घरातही नणंदेकडे निराळ्या डोळ्यांनी बघायला लागली. आणि बघायला लागलं की दिसायलाही लागतं. चिऊ पूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडा टाकून बसायची, आता भिंतीला पाठ लावून बसायची. वहिनी पाणी प्यायला आली की झाकण हळूच अर्धं खाली यायचं. पूर्वी कचेरीतल्या गमती सांगून घर हसवायची, आता विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, रोजचंच." वहिनी मनात म्हणायची, चोराच्या मनात चांदणं. आणि आपलाही लॅपटॉप आपण हल्ली बेडरूममध्ये नेऊन दार लोटून उघडतो, हे तिच्या ध्यानातही यायचं नाही.

डबेही दोन झाले. आधी एकाच मोठ्या डब्यात दोघींचं जेवण जायचं. चिऊनेच एकदा सांगितलं, "मला वेगळा दे, आमच्याकडे जेवायची वेळ वेगळी झालीय." सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एका घरातून निघता, एका बसने जाता, एका छपराखाली बसता. मग डबे दोन कशाला? घासायला मी आहेच म्हणून?"

"आई, तुला नाही कळायचं," चिऊ म्हणाली.

"मला नाही कळायचं हे खरं. पण तुम्हाला तरी कळलंय का?"

वहिनीचा नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाला, "दोघी एकाच फाइलवरून भांडतात म्हणे. मग दुसरी फाइल का नाही काढत?" दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की तो परत वर्तमानपत्रात गेला. त्या आठवड्यात दोघींचं एकमत झालं ते तेवढंच.

गुरुवारी वहिनीने पाळत ठेवायचं ठरवलं. तिने खुर्ची जराशी फिरवली. आता पडद्याच्या कडेवरून जिन्याजवळची चिऊची पाठ दिसायची. चिऊचे हात हलले की वहिनी फाइल उघडून बघायची. हात तर सारखेच हलत होते. कामच हाताचं. पाठीवरून माणसाच्या मनातलं वाचायचं म्हणजे पाकीट न उघडता पत्र वाचण्यासारखी गत. तरी वहिनी वाचत होती, आणि तिला जे वाचायचं होतं तेच त्या पाठीवर लिहिलेलं दिसत होतं. चिऊने मान वळवून मॅडमकडे बघितलं, म्हणजे काहीतरी शिजतंय. बघितलं नाही, म्हणजे मुद्दाम बघत नाही.

फाइल नुकतीच कोरी पाटी झाली होती, वहिनीच्या रखवालदाराने केलेली. ती डोळ्यांत तेल घालून पुढच्या बदलाची वाट बघत असतानाच भोंगा वाजला.

आगीची तालीम होती. आग लागली तर कसं बाहेर पडायचं याचा सराव. सगळ्यांनी सगळं आहे तिथे टाकून जिन्याने खाली रस्त्यावर जायचं. दारावरचा पहारेकरी कोणाला काही घेऊ देत नव्हता. "बाई, आग लागल्यावर फोन शोधत बसणार का? ठेवा तो!"

रस्त्यावर जाऊनही मंडळींनी आपला धर्म सोडला नाही. दगडफोडे या पदपथावर, फुगेवाले समोरच्या. मधून गाड्या. पहारेकरी कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, एका बाजूला उभे राहा, मोजायचंय मला!" कोणी हललं नाही. मग त्याने दोन्हीकडे जाऊन दोनदा मोजलं. एकूण एक माणूस बाहेर होता. साहेबसुद्धा, चष्मा पुसत.

चिऊ मात्र रस्ता ओलांडून इकडे आली. अप्पांच्या कपाळावर आठी पडली.

"वहिनी, आईच्या औषधाच्या दुकानात फोन करायचा होता, फोन वरच राहिला. तुझा आहे?"

"माझाही वरच."

"बरं." ती तिथेच उभी राहिली, जरा अवघडून. बऱ्याच दिवसांत दोघी इतक्या जवळ उभ्या राहिल्या नव्हत्या. चिऊच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "माझी उद्या काहीतरी हजेरी घेणार आहेत म्हणे. तुला ठाऊक आहे का गं काही?"

"नाही," वहिनी म्हणाली. खोटं बोलताना तिला वाटलं, पाटी कोरी ठेवायला हवी होती.

तालीम संपली. वर येऊन वहिनीने खुर्चीत बसायच्या आधी फाइल उघडली. नियम बदललेला होता. अंदाज. नोंदीत वेळ होती, आणि ती वेळ भर तालमीतली होती.

ती धपकन बसली. त्या वेळी चिऊ तिच्या खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उभी होती, रिकाम्या हातांनी. चिऊच काय, सगळेच रस्त्यावर होते. मोजलेले. वर नुसती मशीनं चालू होती.

आधी वहिनीला हायसं वाटलं. मग मान खाली गेली. आणि मग, कितीतरी उशिराने, साधा विचार आला. माणूस नसताना फाइल बदलायला काय लागतं? तिने स्वतःच तर ते बसवलं होतं. जिन्याकडेही तसलाच एक रखवालदार बसलेला असणार. तोही चोर पकडायलाच बसवलेला. याने ठेवलं की तो म्हणतो चोरी झाली, त्याने ठेवलं की हा म्हणतो चोरी झाली. दोन आंधळे रखवालदार रात्रंदिवस एकमेकांना चोर समजून बडवत होते, आणि थांब्यावरची माणसं बसची वाट बघत होती.

ती तडक अप्पांकडे गेली आणि सगळं सांगितलं. अप्पा शांतपणे ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"म्हणजे त्यांनी चोरून प्रोग्रॅम बसवलाय. आणि चावी पोरीकडे. उत्तम. हा तर पुरावाच झाला."

"पण अप्पा, आपणही बसवलाय."

"ते कोणाला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे."

अप्पांनी आवाज आणखी मऊ केला. "नोंदीत यंत्रखातंच आहे. आपला आज काढून टाक. मग राहील तो फक्त त्यांचा. हे बघ, आपल्या माणसांना मी आजवर कधी उघड्यावर पडू दिलेलं नाही. तू आमची आहेस ना?"

तो प्रश्न मायेने विचारला होता की दम देऊन, हे वहिनीला घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी ती चिऊच्या खोलीच्या दारात उभी राहिली. चिऊने झाकण अर्धं खाली केलं.

"पूर्ण मिट किंवा पूर्ण उघड," वहिनी म्हणाली. "अर्ध्याने माझा जीव जातो."

"काय पाहिजे?"

"तू सामाईक फाइलवर रखवालदार बसवलायस?"

चिऊच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण आवाज चढला. "हे विचारायला अप्पांनी पाठवलं का?"

"नाही."

"नाही कसं? मॅडम म्हणतात तेच खरं! तुम्ही लोक उद्या मला घालवणार आहात, आणि त्याआधी माझ्याच तोंडून वदवून घेणार. घरात येऊन! वहिनी, निदान घर तरी सोडायचंस."

"चिऊ, ऐक..."

"तुमची मंडळी आमची फाइल रोज फिरवते आणि चोर मी?"

बोलून काही उपयोग नव्हता. वहिनीच्या जागी चिऊ असती तर वहिनीनेही विश्वास ठेवला नसता. तिने जाऊन आपला लॅपटॉप आणला, पलंगावर ठेवला, पूर्ण उघडला, आणि पडदा चिऊकडे वळवला.

"हा माझा. खिडकीकडचा. तुम्ही ज्याला चोर म्हणता तो हा. अप्पांनी सांगितलं आणि मी बसवला. बघ, वाच सगळा." चिऊ वाचायला लागली. वहिनीने तिच्यादेखत तो बंद केला, पुसून टाकला. "आता तुला वाटलं तर हे तू उद्या साहेबांना सांगू शकतेस. माझं नाव घेऊन."

चिऊ पडद्याकडे बघत राहिली. मग वहिनीकडे. मग परत पडद्याकडे.

"हा खरंच बंद झालाय, की मला दाखवण्यापुरता? दुसरा कुठे असेल."

नाही असं सिद्ध करायला जगात कोणाकडे काय असतं? वहिनी एवढंच म्हणाली, "फाइल बघत राहा. ती सांगेल." आणि लॅपटॉप तिथेच ठेवून बाहेर आली. मागून खोलीचं दार लागलं. आतून कडीचा आवाज आला.

शुक्रवारच्या बैठकीला दोन्ही बाजू टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्या. सकाळी बसमध्ये चिऊ पुढच्या सीटवर एकटी जाऊन बसली होती. आता ती मॅडमच्या शेजारी होती, आणि मॅडम तिच्या कानात काहीतरी सांगत होत्या. पोरीने सगळं सांगितलं असणार. आपण आपल्या हाताने तिच्या हातात दगड दिला, आणि तो आता कोणत्याही क्षणी आपल्या कपाळावर बसणार.

अप्पांनी घसा साफ केला. "साहेब, आमच्याकडे आता स्पष्ट माहिती आहे. यंत्रखात्याची चावी दोघींकडेच. यातली आमची तर..."

"आमचा रखवालदार मी बसवला होता," वहिनी म्हणाली.

अप्पांचं वाक्य अधांतरी राहिलं. खिडकीकडच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने पुढचं भराभर सांगून टाकलं, थांबली तर पुन्हा सुरू होणार नाही अशा भीतीने. प्रोग्रॅम कसा होता, कधी बसवला, काल तालमीच्या वेळी काय झालं, आणि काल संध्याकाळी तो काढून टाकला. अप्पांचं नाव तिने घेतलं नाही. अप्पांनी ते टिपलं, पण मान वर केली नाही.

मॅडम हसल्या. "चला. म्हणजे आम्ही म्हणत होतो ते खरं निघालं. चोर सापडला, साहेब."

वहिनीने चिऊकडे बघितलं. चिऊ टेबलाच्या कडेवर नखाने रेघ ओढत होती. मॅडमनी टेबलाखालून तिचा हात धरला होता, हे वहिनीला बसल्या जागेवरून दिसत होतं. ती रेघ टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली. साहेब चष्मा पुसायला लागले.

"सापडला म्हणता," साहेब म्हणाले, "मग दिवसभर इकडून तिकडे फिरायची ती फाइल एकटी कशी फिरली? टाळी काय एका हाताने वाजते?"

"दुसरा हात माझा," चिऊ म्हणाली.

मॅडमनी तिचा हात सोडला.

"आमच्याकडचा रखवालदार मी बसवला होता. वहिनीने तिचा काढला, त्यावर माझा विश्वास नव्हता. मी फाइल बघत बसले. खूप वेळ काही हललं नाही. मग मी माझाही काढला. अजून काही हललेलं नाही. बघा हवं तर."

साहेबांनी फाइल उघडली. कालच्या संध्याकाळपासून तिच्यात एकही बदल नव्हता. शांत विहिरीसारखी पडून होती.

"मग पहिल्यांदा कोणी बदलली?" साहेबांनी विचारलं.

हा प्रश्न आला आणि खोलीतली सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नोंदी चाळल्या. यंत्रखातं, यंत्रखातं, यंत्रखातं. पहिली नोंदही त्याच नावाची. जुनी प्रत चुकून वर चढली असेल, कोणाचं बोट घसरलं असेल, किंवा खरंच कोणी मुद्दाम केलं असेल. दोन रखवालदारांच्या पावलांखाली पहिल्या चोराची पावलं पुसून गेली होती. चोर असलाच तर.

साहेबांनी दोघींकडून चावी काढून घेतली. अप्पांनी दबक्या आवाजात चिऊच्या नेमणुकीचा विषय काढला, तेव्हा साहेब म्हणाले, "पोरीला घालवायची तर वहिनीलाही घालवावी लागेल. आणि कोणाच्या सांगण्यावरून बसवले, ते विचारत गेलो तर तुम्हा दोघांनाही. मग पाट्या काय मी एकटा चालवू? पोरगी पक्की. उठा."

"आणि नियम कोणता ठेवायचा?" मॅडमनी विचारलं.

"बघू."

दुपारी वहिनी डबा घेऊन दगडफोड्यांच्या टेबलापाशी गेली. तिच्या नेहमीच्या खुर्चीवर कोणाची तरी पिशवी होती. ती पिशवी कोणाची, हे विचारूनही कळलं नाही. ती वळली, तर जिन्याकडून चिऊ आपला डबा छातीशी धरून येत होती.

"तुझ्याही खुर्चीवर पिशवी?" वहिनीने विचारलं.

"नाही. आमच्याकडे खुर्चीच नव्हती."

दोघी मधल्या मोकळ्या टेबलावर बसल्या. दोन्ही डब्यांत तेच होतं.

जेवता जेवता वहिनीला एक नवल दिसलं. खिडकीकडचा एक दगडफोड्या जिन्यापाशी असलेल्या यंत्रावर पाणी पीत होता. शेजारी एक फुगेवाला उभा. दोघांची डोकी जवळ आलेली, बोलणं हळू आवाजात. इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं. वहिनीला क्षणभर बरं वाटलं. मग पाणी पिणाऱ्याचा आवाज जरा चढला आणि शब्द कानावर आले.

"...एकाच घरातल्या ना दोघी. ठरवून केलंय सगळं."

"मग काय तर! दोघींच्या डब्यात भाजीही एकच, बघितलंस का?"

संध्याकाळी दोघी थांब्यावर उभ्या राहिल्या. पाटीवर दिवे लुकलुकत होते. चार मिनिटं, पाटी म्हणत होती. बराच वेळ चारच म्हणत होती.

"तुमची पाटी, तुमची मिनिटं," वहिनी म्हणाली.

"निदान बोलते तरी. तुमची असती तर आपण मुक्याने उभ्या राहिलो असतो."

चिऊने खांद्यावरची लॅपटॉपची बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. वहिनीची नजर आपोआप त्या बॅगेवर गेली. आणि चिऊची नजर आपल्या बॅगेवर आहे, हेही तिला त्याच वेळी दिसलं.

"वहिनी, एक विचारू? राग मानायचा नाही."

"विचार."

"ती पहिली वेळ. अगदी पहिली. ती तू नव्हतीस ना?"

वहिनी तिच्याकडे वळली. "गंमत बघ. सकाळपासून मी तुला हेच विचारायचं म्हणत होते."

चिऊला आधी हसू आलं, मग वहिनीला. हसता हसता चिऊने तिच्या दंडाला धरलं आणि धरून ठेवलं. उत्तर दोघींपैकी कोणीच दिलं नाही.

वळणावरून बस आली. पाटी अजून चार मिनिटं म्हणत होती.